काचेखालचं कुंकू

त्या क्वार्टरमध्ये नळ घरात होता. आज कुणाला सांगितलं तर 'मग त्यात काय?' म्हणतील, पण सत्तरच्या दशकात आमच्या कृष्णाकाठच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत घरातला नळ म्हणजे मोठ्या हुद्द्याची खूण होती. बाकीच्यांना चाळीच्या टोकाला मिळून एक नळ, आणि तिथं सकाळी जी भांडणं व्हायची ती ऐकून पाणीसुद्धा थबकत असेल. आमचा नळ मात्र स्वयंपाकघराला लागून, मोरीत. त्याच्याखाली पितळी घागर भरताना जो आवाज चढत जायचा, तो मला अजून झोपेत ऐकू येतो.

ते क्वार्टर खरं तर आमचं नव्हतं. त्यातच सगळी गोष्ट आली.

माझे यजमान कारखान्यात बॉयलरवर होते. मूळचे आटपाडीकडचे. तिकडं पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, म्हणून घरातलं एक तरी पोर फौजेत. तसे हेही गेले आणि तिथं इस्पितळातल्या चादरी उकळायच्या बॉयलरवर लागले. "फौजेत बंदूक कमी आणि चादरीच जास्त पाहिल्यात तुम्ही," असं मी चिडवायचे. ते रागवायचे नाहीत. "त्या चादरीवर जवान निजायचे," एवढंच म्हणायचे. मग मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं, आणि ओशाळले की मी जास्तच चिडवते, हा माझा स्वभाव.

माझं माहेर साताऱ्याचं. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे कॉलनीत कुणाचंही इंग्रजी पत्र आलं की माझ्याकडे यायचं. फौजेतून सुटून हे कारखान्यात लागले तेव्हा यांच्याकडं बॉयलर चालवायचं सेकंड क्लासचं सर्टिफिकेट होतं. बॉयलर म्हणजे काही घरची चूल नव्हे. आत वाफ कोंडलेली, फुटला तर माणसांसकट छप्पर उडवणारा. म्हणून सरकारचा कायदा कडक. सेकंड क्लासवाल्यानं मोठ्या माणसाच्या हाताखाली काम करायचं. मोठ्या बॉयलरचा ताबा घ्यायचा तर फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेटच पाहिजे, आणि ते नसताना ताबा दिला तर कारखान्यावर खटला.

आमच्याकडचा मोठा माणूस म्हणजे चाचा. मिरजेचे. त्यांच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे उन्हात वाळत घातलेले असायचे. एकदा आम्ही गेलो होतो तेव्हा त्या भोपळ्यांतून वाट काढत त्यांच्या दारात पोचलो होतो. त्यांचं कुटुंब मिरजेतच राहिलं, सुट्टीला ते एसटीनं जाऊन यायचे. म्हणून बॉयलरच्या प्रमुखाला मिळणारं क्वार्टर त्यांच्या नावावर असलं, तरी त्यात राहायचो आम्ही. बाहेरच्या खोलीत चाचांची खाट, ट्रंक आणि नमाजाची चटई, बाकीचं घर आमचं. "एकट्या माणसाला नळ काय करायचाय?" असं म्हणून त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं होतं. साहेबांनीही डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

घर मिळाल्याबरोबर यांनी सासूबाईंना आटपाडीहून आणलं. आत्या म्हणायचो आम्ही त्यांना. आत्यांचा जन्म डोक्यावर हंडे घेऊन गेलेला. त्यांच्या मानेचा मणका बसला होता, मान पुरती वळायची नाही. पहिल्या दिवशी त्यांनी नळ सोडला आणि घरात असतील नसतील तेवढी भांडी भरली: हंडा, कळशी, तांबे, शेवटी माझ्या वाट्यासुद्धा. मी म्हटलं, "आत्या, तो उद्याही येणार आहे."

"कुनाला ठावं?" त्या म्हणाल्या. "आलंय तवा भरून घ्यावं."

चाचांची निवृत्ती जवळ आली तेव्हा चीफ इंजिनियरसाहेबांनी यांना बोलावून सरळ सांगितलं. फर्स्ट क्लास झालात तर चाचांची जागा तुमची, क्वार्टरसकट. नाही झालात तर बाहेरून सर्टिफिकेटवाला माणूस येईल आणि त्याला क्वार्टर द्यावं लागेल. तुम्हाला चाळीतली एक खोली. त्या एका खोलीत आत्यांची सोय होणार नव्हती. त्यांना परत आटपाडीला जावं लागलं असतं, त्या मणक्यासकट, हंड्यांकडे. आत्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांनी आपली लुगडी गाठोड्यात बांधली आणि ते गाठोडं कोपऱ्यात ठेवलं.

"हे काय, आत्या?"

"काय न्हाई. बांधलेलं बरं असतं."

परीक्षा मुंबईला. बॉयलरची मोठी कचेरी तिथं होती. हे मिरजेहून रेल्वेनं गेले, फौजेतला कोट घालून. तीन दिवसांनी परत आले तेव्हा मी भाकरी थापत होते. चेहऱ्यावरूनच मला कळलं, पण म्हटलं, माणूस घरात तरी येऊ दे. यांनी पाय धुतले, पाणी प्याले, आणि सगळ्यात आधी समुद्राचं सांगायला लागले.

"लय पानी गं. नजर पोचंल तवर पानी. आन् समदं वाया. बॉयलरला एक थेंब घालता यायचा न्हाई, मीठ बसंल नळ्यांना."

"परीक्षेचं सांगा."

मग सांगितलं. टेबलामागं तीन साहेब. मधल्यानं चष्म्यावरून बघून पहिलाच प्रश्न विचारला, तोही मराठीत, म्हणजे सोपाच करून: "ड्यूटीवर आल्यावर बॉयलरपाशी सगळ्यात आधी काय करतोस?"

आणि यांनी उत्तर दिलं, "पाया पडतो, साहेब."

मी लाटणं घेतलं असतं, पण भाकरीला लाटणं लागत नाही. नुसतीच पिठाच्या हातांनी यांच्याकडे बघत राहिले. "पाया पडतो?"

"पडतो की. बॉयलरला कुंकू हाय, तितं रोज पडतो. खोटं सांगू?"

"मग साहेब काय म्हणाले?"

"तिघंबी हसलं. मधला म्हनला, देवदर्शन झालं असंल तर बॉयलरचं सांगा. मग मला पुढचं काय आठवंना. तो विचारतोय, मी गप. भाईर आलो तवा समदं आठवलं."

साहेबाला हवं असलेलं उत्तर मला नंतर चाचांकडून कळलं. बॉयलरच्या तोंडाला काचेची एक उभी नळी असते, तिच्यात आतलं पाणी किती आहे ते दिसतं. ड्यूटीवर येणाऱ्यानं आधी ती काच बघायची, पाणी निम्म्यावर आहे याची खात्री करायची, मग बाकीचं जग. हे शाळेतल्या पोरालाही घोकून देता आलं असतं. मला इतका राग आला होता, की त्या दिवशीची भाकरी करपली ती करपलीच.

राग यांच्यावर होता आणि पाया पडण्यावरही होता. आमच्याकडं हे एक खूळच आहे. माणसं बैलाला हात जोडतात, एसटीच्या पायरीला जोडतात, मळणी यंत्राला हळद लावतात. माझे वडील शाळामास्तर, त्यांनी आम्हाला असलं काही शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"चाचांनी."

"चाचांनी? कुंकू लावून पाया पडायला?"

"व्हय. पयल्या दिवशी. आधी पाया पड म्हनले, मग कामाला लाग."

चाचा तेव्हा खाटेवर बसून पायमोजे काढत होते. ऐकू आलं असणारच, पण त्यांनी मान वर केली नाही. पोरगं नापास झालं म्हणून ते आमच्याइतकेच खचले होते. दुसऱ्या दिवशी ते स्वतः साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "मी अजून एक हंगाम थांबतो. पोराला अजून एक संधी द्या." खरं तर त्यांना मिरजेला जायची फार ओढ लागली होती, नातवंडं मोठी होत होती. तरी थांबले. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथं बोलते.

मग मी यांना हाती घेतलं. त्याच सुमारास माझ्या भावानं पुण्याहून प्रेशर कुकर आणला होता, कॉलनीतला पहिलाच. सगळ्या बायका लांबून बघायला यायच्या, शिट्टी झाली की दाराबाहेर पळायच्या. तो कुकर झाला आमचा बॉयलर. संध्याकाळी मी पाटावर पळी घेऊन बसायचे, हे समोर उभे, आणि आत्या भिंतीला टेकून दुसऱ्या साहेब.

"सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी?"

"वाफ ठरल्यापेक्षा जास्त झाली तर भाईर सोडायला."

"बॉयलरच्या तळाचा गाळ कधी सोडायचा?"

हे सांगायचे. सगळं येत होतं यांना, हाताला तर केव्हाचंच येत होतं. फक्त तोंडातून काढायला वेळ लागायचा.

"काच रिकामी दिसली, पाण्याचा पत्ता नाही. आता काय करायचं?"

"आधी जाळ मारायचा, इझवायचा. पानी सोडायचं न्हाई."

इथं आत्या दर वेळी उठून बसायच्या. "आरं, पानी न्हाई तर पानी घाल की! जाळ कशाला मारतोस?"

"आये, तापल्या तव्यावर गार पानी टाकलं तर काय व्हतं?"

"चर्र् व्हतं."

"तितं चर्र् झालं तर समदी गेली."

"मग पानी संपूसतवर थांबलास कशाला तू?" असं आत्या विचारायच्या.

आणि मग मी तो पहिला प्रश्न टाकायचे. "ड्यूटीवर आल्यावर आधी काय करता?" प्रश्न पुरा व्हायच्या आत यांचा उजवा हात कपाळाकडे निघायचा. मी पळीनं मनगटावर टकटक करायचे. हात खाली. पुन्हा प्रश्न. पुन्हा हात वर. शेवटी मी म्हटलं, फौजेतले ना तुम्ही, मग विश्राममध्ये उभे राहा. दोन्ही हात पाठीमागं बांधून हे उभे राहायला लागले, आणि त्या अवस्थेत उत्तर नीट यायला लागलं: "काच बघतो, साहेब."

आज हे नाहीत. पण त्या संध्याकाळी आठवल्या की मला कंदिलाचा वास येतो, कारण वीज हटकून तेव्हाच जायची. कारखान्याकडून मळीचा गोडसर आंबूस वास यायचा, आणि मध्येच शिफ्टचा भोंगा. संसार म्हणून जो काही म्हणतात तो माझा तेव्हाच झाला, पळी घेऊन, पाटावर बसून. त्या वेळी वाटत होतं की आपण नुसती परीक्षेची तयारी करतोय.

पुढच्या वर्षी हे पुन्हा मुंबईला गेले. या खेपेलाही आत्यांनी गाठोडं उघडलं नाही, पण त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलं. चौथ्या दिवशी सकाळी हे दारात आले आणि आल्या आल्या आत्यांना म्हणाले, "आये, गाठोडं सोड."

नंतर खुलासेवार सांगितलं. टेबलामागं साहेब तेच. मधल्यानं यांना ओळखलं. तोच प्रश्न. यांनी हात पाठीमागं बांधून ठणकावून सांगितलं, काच बघतो, साहेब. साहेब म्हणाला, "गेल्या खेपेला पाया पडत होतास ना?" खोटं बोलायचं यांना जमतच नसे. म्हणाले, "पडतो, साहेब. आजबी पडतो." साहेब हसला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला, आणि बाकीची सगळी उत्तरं धडाधडा आली. आत्यांनी गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. वर्षभरात ती इतकी घट्ट बसली होती, की दातांनी सोडवावी लागली. लुगड्यांना कुबट वास आला होता. त्या लुगडी नळाखाली धुवायला बसल्या आणि नळ सोडून नुसत्या बघत बसल्या. मी रडले. उगाच कशाला लपवू?

त्या दसऱ्याला बॉयलर पेटवायचा समारंभ झाला. आमच्या भागात गळीत हंगामाआधी तो असतोच. चेअरमन आणि त्यांच्या पत्नीनं पूजा करायची, भट्टीत आहुती टाकायची, मग मांडवात भाषणं. एरवी आम्हा बायकांना बॉयलरच्या घरात पाऊल टाकू देत नसत, पण त्या एका दिवशी जाता यायचं. इतकी वर्षं कॉलनीत काढली, पण मी तोवर कधी गेले नव्हते. म्हणायचे, मी काही लोखंडाच्या पाया पडायला येणार नाही. त्या वर्षी मात्र गेले. हे प्रमुख झाले होते; यांचं राज्य बघायला जायला नको?

चाचा मिरजेहून खास आले होते, पांढरी टोपी, कडक इस्त्री. पूजा झाली, मांडवात भाषणं सुरू झाली आणि गर्दी तिकडं गेली. आत राहिलो आम्ही दोघं, चाचा आणि त्याच दिवशी कामाला लागलेला, भट्टीत जाळ घालणारा नवा फायरमन, फौजेतून परतलेला, मिशीवाला गडी. भट्टीच्या दारातून जाळाचा लाल उजेड येत होता. मी त्या दाराशी गेले, म्हटलं, आलोच आहोत तर करू नमस्कार, एक दिवस वडील रागावणार नाहीत.

"तितं न्हाई," हे म्हणाले. "हितं."

त्यांनी मला थोडं बाजूला नेलं. बॉयलरच्या तोंडाच्या पत्र्यावर, कमरेच्या उंचीला, कुंकवाचा पट्टा होता. वर्षानुवर्षांच्या कुंकवाचे थर बसून तिथला पत्रा खडबडीत झाला होता. मी वाकले, कपाळ टेकवलं. पत्रा कोमट होता. मग डोकं वर केलं.

नाकासमोर काच होती. कुंकवाच्या बरोबर वर, उभी, हातभर लांब. तिच्यात पाणी निम्म्यावर, किंचित हलत होतं. मला दुसरीकडं बघायचं म्हटलं असतं तरी बघता आलं नसतं.

मी पुन्हा वाकले, पुन्हा डोकं वर केलं. पुन्हा तेच. पाणी. मी यांच्याकडे वळले. "अहो, म्हणजे तुम्ही रोज पाया पडलात की..."

"काच दिसतीच की."

"रोज?"

"डोळं उघडं असलं की दिसतीच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक वर्ष मी पळीनं या माणसाचं मनगट बडवलं. एक वर्ष आत्या गाठोडं बांधून बसल्या. "मग त्या साहेबाला हे का नाही सांगितलंत?"

"त्यानं काय करतोस म्हनून इचारलं. पाया पडून डोकं वर केल्यावर काय दिसतं, हे कुटं इचारलं?"

चाचा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तो थांबेपर्यंत आम्ही थांबलो. मग ते पत्र्याला हात लावून म्हणाले, "आधी कुंकू तितं असायचं, भट्टीच्या दाराला. पोरं आली की दाराला हात जोडायची, जाळ बघायची न् कामाला लागायची. सूनबाई, जाळ समद्यांना दिसतो. पानी बघायला लागतं. मी नवा नवा आलो तवा एकदा काच रिकामी झाली. कुनाचं ध्यान न्हाई. येळेवर दिसलं म्हनून वाचलो. दुसऱ्या दिशी म्या कुंकू हितं लावलं. म्हनलं, आजपास्नं हितं पाया पडायचं."

"पण चाचा, सरळ सांगायचं ना, काच बघा म्हणून."

"सांगितलं की. लय सांगितलं. काच बघ म्हनलं की मानूस चार दिवस बघतो. पाया पड म्हनलं की जल्मभर पडतो."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनाही ते नवीन होतं. इतकी वर्षं हे समजत होते की कुंकू तिथं पहिल्यापासूनच आहे, जुन्या लोकांनी लावलेलं. एका नमाजी माणसानं ते तिथं आणून लावलं, आणि आमच्यासारख्यांचा जीव राखायला लावलं, हे आम्हा दोघांना एकदमच कळलं. हे चाचांचा हात धरून उभे राहिले, आणि चाचांनीही तो सोडवून घेतला नाही.

मग भोंगा झाला. नवा फायरमन पुढं येऊन ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, कुटनं सुरवात करू?"

माझ्या मनात आलं, आता हे त्याला काच दाखवणार. मुंबईच्या साहेबाला दिलेलं उत्तर, वर्षभर घोकलेलं, यांच्या जिभेवर तयार होतं. यांनी हात पाठीमागं बांधले, घसा साफ केला आणि कुंकवाकडं बोट दाखवलं.

"आधी हितं पाया पड," हे म्हणाले. "आन् मग डोकं वर कर."